भरलेली गाडी घाटातनं उतरवायची तर

"मामा, साखर भरलीय, रत्नागिरीला टाकायचीय. कुठल्या घाटानं घालू?"

पावसाळ्यात आठवड्यातनं एकदा तरी हा फोन येतो. कधी भाचा असतो, कधी त्याच्या ओळखीचा, नुकतीच गाडी काढलेला पोरगा. मी आधी उलट विचारतो, वजनकाट्याची पावती किती दाखवतेय? निम्म्या वेळा पलीकडं शांतता. मग हळूच उत्तर येतं, "पार्टीनं थोडी जास्त टाकलीय."

मी १९९४ ला किन्नर, म्हणजे ड्रायव्हरचा मदतनीस, म्हणून गाडीवर चढलो. स्टेअरिंग हातात यायला पाच वर्षं गेली, स्वतःची दहा चाकी घ्यायला आणखी पंधरा. आता गुडघ्यानं दगा दिला म्हणून गाडी भाचा चालवतो आणि मी उचगावात घराच्या कट्ट्यावर बसून फोन घेतो. तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. कोल्हापुरातनं माल भरून कोकणात उतरणाऱ्या सहा चाकी आणि दहा चाकीवाल्यांसाठी हे आहे. ट्रेलरवाल्यांनी माझ्या भरवशावर राहू नये, त्यांचं वळणाचं गणित वेगळं असतं.

काट्यावरच घाट सुरू होतो

२०१८ च्या जुलैत केंद्रानं एक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, चालणारी वजनं वाढवली. दहा चाकीला पुढं ७ टन, मागच्या जोडीला २१, असे मिळून २८ टन. सहा चाकीला पुढं ७ आणि मागं साडेअकरा, म्हणजे साडेअठरा. हे वजन गाडीसकट आहे, हे नव्या माणसाच्या डोक्यात शिरत नाही. आमची गाडी हौदा (मागची माल भरायची जागा), स्टेपनी, ताडपत्र्या, भरलेली टाकी आणि दोन माणसं धरून दहा टनाला थोडी कमी भरते. म्हणून माझा हिशेब ठरलेला, १८ टन साखर, ५० किलोची ३६० पोती. तीनशे एकसष्टावं पोतं आलं की मी हौद्याचा मागचा फळका लावून टाकायचो. आणि गाडी जुनी असली तर आधी आरसी उघडून बघा. तिथं जो आकडा छापलाय तोच तुमचा. शेजारच्याच्या नव्या गाडीला काय चालतं ते तुम्हाला लागू नाही.

जादा वजनाचा दंड २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जादा माल उतरवून ठेवायचा खर्चही तुमच्याच डोक्यावर. ३ टन जादा सापडले तर २६ हजार झाले. गाडी काट्यावर न्यायला नकार दिला तर ४० हजार. माल हौद्याबाहेर लोंबत असला तर त्याचे पुन्हा २० हजार वेगळे. तीन टनांचं जादा भाडं या दंडाच्या पासंगालाही पुरत नाही. तरी भरतातच, कारण दहा खेपांत एकदा सापडतो, बाकी नऊ सुटतात, असा हिशेब मांडलेला असतो. आरटीओपुरता तो हिशेब चालेल. उतारावर दहाच्या दहा खेपांना तेच तीन टन तुमच्या ब्रेकवर बसलेले असतात.

साखरेचं तसं सोपं, पोती सारखी बसतात. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतनं कास्टिंग भरलं तर सावध. हौद्यात दिसायला गुडघाभर माल आणि वजन पूर्ण. तो सगळा मागच्या फळक्याशी टाकला तर पुढचं चाक हलकं होतं, चढाला स्टेअरिंग पाण्यावरच्या होडीसारखं तरंगतं. सगळा केबिनला टेकवला तर उतारावर पुढच्या पाट्यांचा, म्हणजे स्प्रिंगांचा, जीव जातो. मागच्या चाकांच्या वर आणि जरासा पुढं असा बसवा, मधल्या फटींत लाकडी ठोकळे मारा, आडव्या साखळ्या घाला. वळणावर कास्टिंग एकदा सरकलं की दोरखंड त्याला थांबवत नाही. हे भरणाऱ्या हमालाला सांगायची लाज वाटून घेऊ नका. ज्याचा माल त्याचा हमाल हे खरं, पण घाटात गाडीबरोबर तुम्ही असणार, हमाल नव्हे.

कागदांबद्दल थोडक्यात. आरसी, फिटनेस, विमा, परमिट, टॅक्स, पीयूसी आणि लायसन हे डिजिलॉकरमध्ये असलं तरी चालतं. माझ्या फायलीत तरीही झेरॉक्स असते, कारण घाटात रेंज नसते आणि फोन भिजतो. फिटनेस गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांचं, त्यानंतर दरवर्षी. ट्रान्सपोर्टचं लायसन पाच वर्षांचं. तारखा केबिनमध्ये सनव्हायजरच्या मागं पेननं लिहून ठेवा. फिटनेस संपलेलं असताना अपघात झाला तर विमा कंपनी काय करते, हे मी एका दोस्ताच्या घरी बसून बघितलंय.

ई-वे बिलाचं, म्हणजे माल नेताना जीएसटीसाठी ऑनलाइन काढायच्या कागदाचं, मात्र घाटाशी थेट नातं आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर माल असला की ते लागतं, राज्याबाहेर जायचं तर ५० हजारांच्या वर. २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो आणि तो पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री बाराला संपतो. रत्नागिरी सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर, त्यामुळं एरवी बिनघोर. पण दरड आली, गाडी मलकापुरात दोन दिवस उभी राहिली, की बिल मेलं. मुदत संपायच्या आधी आठ तास आणि संपल्यावर आठ तास, एवढ्यातच ती वाढवून मिळते. घाट बंद झाल्याचं कळताच पहिला फोन घरी नव्हे, हुंडेकऱ्याच्या, म्हणजे माल बुक करणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या, ऑफिसात करा.

कुठला घाट

रत्नागिरी, जयगड, पाली, लांज्याकडं जायचं तर आंबा घाट. मोठ्या गाडीला त्यातल्या त्यात हाच. केर्ली, वाघबीळ, बांबवडे, मलकापूर, आंबा, मग उतरण आणि खाली साखरपा. चौपदरीकरणानं या रस्त्यावर जागोजागी डोंगर कापलेत. ताजा कापलेला डोंगर पावसात काय करेल याचा नेम नसतो. २०२१ च्या जुलैत इथला रस्ता खचला आणि अवजड गाड्यांना काही महिने घाट बंद होता. घाट संपला की लोक सुटकेचा श्वास टाकतात, तिथंच चूक होते. पुढं दाभोळ्याची वळणं आहेत, आणि शेवटी हातखंब्याचा उतार आहे. हातखंब्यानं जेवढ्या भरलेल्या गाड्या उलथवल्या तेवढ्या घाटातही उलथताना मी बघितल्या नाहीत. ब्रेक आधीच तापलेला असतो, ड्रायव्हर म्हणतो आता आलंच रत्नागिरी.

कणकवली, देवगड, मालवणचा माल असला तर गगनबावड्यावरनं करूळ घाट किंवा राधानगरीवरनं फोंडा. करूळ २०२४ च्या जानेवारीत काँक्रीटच्या कामाला बंद झाला तो वर्षभर बंदच होता. तेव्हा अवजड गाड्यांचा सगळा भार फोंड्यावर पडला होता. आता काँक्रीट झालंय म्हणून पोरं सुटतात. अरे, रस्ता नवा झाला, पण उतार तोच आहे. खड्डे होते तेव्हा खड्डाच तुम्हाला दुसऱ्या गिअरात ठेवत होता. आता ते काम तुमच्या डोक्यानं करायचंय.

गगनबावड्यातनंच भुईबावडा घाटही फुटतो. नकाशात तो खारेपाटणला जवळचा दिसतो. भरलेली दहा चाकी तिथं घालू नका. अरुंद आहे, समोरनं एसटी आली तर कुणाला तरी वळणावर रिव्हर्स घ्यावं लागतं, आणि ते कुणाला ते तुम्हाला माहीतच आहे.

फोंडा मला मनापासून आवडतो, म्हणजे जंगल म्हणून. दाजीपूरच्या पट्ट्यात रात्री गवा रस्त्यावर येतो. एक दिसला की थांबा, मागनं आणखी चार असतात. हॉर्न मारून त्याला घाई करायची नाही, लाईट खाली करून गप बसायचं. गव्याला धडकलेल्या ट्रकचा रेडिएटर मी बघितलाय, पुठ्ठ्यासारखा दुमडला होता.

सावंतवाडी आणि गोव्याकडं आजऱ्यावरनं आंबोली. पावसाळ्यात शनिवार-रविवारी आंबोलीत भरलेली गाडी घालणं म्हणजे जत्रेत म्हैस सोडणं. धबधब्यापाशी दोन्ही अंगाला कार लावलेल्या असतात, मधे पोरं सेल्फी काढत उभी. तुम्हाला उतारावर थांबत थांबत जावं लागतं आणि ब्रेकचं वाटोळं होतं. शुक्रवारी रात्रीच्या आत उतरा, नाहीतर सोमवारी. चंदगडकडनं तिलारीचा घाट आहे, तो मोठ्या गाडीसाठी नाहीच. गुगलनं दाखवला म्हणून जाणाऱ्यांना मी फोनवर पण मदत करत नाही.

माझी फोंड्यातली शिकवणी

२००२ सालची गोष्ट. दुसऱ्याची गाडी, सहा चाकी, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या जोरावर गाडी धरणारा) नव्हता. साखर भरून कणकवलीला निघालो होतो, सकाळी सातच्या आत पोचायचं होतं. दाजीपूर सोडलं तेव्हा पहाटेचे चार. झोप डोळ्यांवर, आणि अंगात तिशीच्या आतली मस्ती. चौथ्या गिअरात उतरायला लागलो, पाय ब्रेकवर. हलका, सतत. वाटायचं, हलकाच तर आहे.

सहाव्या-सातव्या वळणावर वास आला. जळक्या केसांना डांबर लावल्यासारखा. किन्नर म्हणाला, "वस्ताद, मागनं धूर." आरशात बघितलं तर डावं मागलं चाक टेललाईटच्या उजेडात तांबड्या धुरात होतं. पाय दाबला. हवेच्या ब्रेकची ही गंमत आहे की पायाला काहीच कळत नाही. पायडल नेहमीसारखंच लागतं, हवेचा काटाही नीट असतो, फक्त गाडी थांबत नाही. क्लच दाबून तिसरा घालायला गेलो, गिअर दात खात होता, घेत नव्हता. तेवढ्या दोन सेकंदांत गाडी मोकळी सुटली. रेस देऊन तिसरा बसवला तेव्हा इंजिन असं किंचाळलं की अजून ऐकू येतं. पुढच्या वळणाआधी डोंगराकडच्या गटारात डावी चाकं उतरवली, कडेला घासत घासत गाडी उभी राहिली. आरसा, पायरी आणि हौद्याची एक बाजू गेली.

इथवर नशीब होतं. पुढची अक्कल माझी स्वतःची. वीस लिटरचा पाण्याचा कॅन काढला आणि ओतला चाकातल्या त्या ब्रेकच्या ड्रमवर. टण्ण असा आवाज आला, देवळातल्या घंटेसारखा. ड्रमला वीतभर चीर. तो न तडकता थंड झाला असता तर हळूहळू खाली तरी गेलो असतो. आता दिवसभर तिथंच. संध्याकाळी कोल्हापुरातनं एसटीनं नवा ड्रम आला, त्याचे पैसे पगारातनं कापले गेले. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नसतं. ज्वाळा दिसल्या तर आग विझवायचं सिलिंडर वापरा, नुसता धूर असला तर लांब उभं राहून तास-दीड तास थांबा.

झालं काय होतं ते मला पुढं एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं समजावलं. ब्रेक धरला की लायनर, म्हणजे ब्रेकची पट्टी, ड्रमला घासतो, ड्रम तापतो. लोखंड तापलं की फुगतं, म्हणजे ड्रम लायनरपासून लांब जातो. लायनर तापून गुळगुळीत होतो, काचेसारखा, आणि त्याची पकड जाते. म्हणून तुम्ही आणखी जोरात दाबता, आणखी तापतो. ब्रेक फेल झाला असं जे पेपरात येतं, त्यातल्या पुष्कळ वेळा ब्रेकचं काही तुटलेलं नसतं, तो शिजलेला असतो.

मग उतरायचं कसं

वर, उतार सुरू व्हायच्या आधी थांबायचं. आंबा गावात, गगनबावड्यात, दाजीपुरात. चहा प्या, पण आधी गाडीभोवती एक फेरी. टॉमीनं (लोखंडी पहारीनं) टायर ठोका, बसलेला टायर भद्द वाजतो. जोडीच्या टायरमध्ये दगड अडकला असला तर काढा. हवेच्या टाकीचं पाणी सकाळीच सोडलेलं असलं पाहिजे. पावसाळ्यात त्या टाकीत वाटीभर पाणी निघतं आणि ते व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतं. ताडपत्रीचे दोर पुन्हा ओढा. हवेचा काटा भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

गिअर वरच ठरवायचा, उतारावर नाही. भरलेल्या गाडीनं हाच घाट चढायला जो गिअर लागतो, त्यातच उतरायचं. आंब्यात माझा दुसरा-तिसरा. एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवा. त्यात धूर जायची नळी एका पडद्यानं आवळली जाते, इंजिनचा श्वास कोंडतो आणि तेच गाडीला मागं धरतं. इंजिन जेवढं वेगानं फिरतं तेवढं ते जास्त धरतं, म्हणून खालच्या गिअरात आवाज वाढला की घाबरून वरचा टाकू नका. काटा लाल पट्ट्याच्या अलीकडं राहिला म्हणजे झालं.

एवढं करूनही वेग वाढला तर ब्रेक ठामपणे दाबा, पंचवीसवरनं पंधरावर आणा आणि पाय पूर्ण उचला. पुन्हा पंचवीस झाला की पुन्हा तसंच. मधल्या वेळात ड्रमला वारा लागतो. पाय टेकवून ठेवायचा नाही, आणि फस-फस पंपही करायचा नाही, दर दाबाला हवा खर्च होते.

न्यूट्रल मारणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडलोय. म्हणतात डिझेल वाचतं. वाचत नाही. गाडी गिअरात असताना अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय काढला की उतारच इंजिन फिरवतो आणि पंप डिझेल देणं बंद करतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू राहायला डिझेल प्यावंच लागतं. म्हणजे ब्रेक पण जाळायचा आणि डिझेल पण. इंजिन बंद करणारे तर थोरच. हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, पॉवर स्टेअरिंग बंद, राहिलं काय हातात, हनुमानाचा फोटो.

अरुंद जागी उतरणाऱ्यानं थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियमच आहे. चढणारी भरलेली गाडी एकदा थांबली की तिला पुन्हा उचलणं म्हणजे क्लचप्लेटचा बळी. एसटीवाला समोरनं लाईट मारत असला तर मी दोन्ही दिशांना थांबतो. तो माणूस त्या घाटातनं रोज जातो, पुढं काय आडवं पडलंय ते त्याला माहीत असतं.

रात्री दोन ते पाचच्या मधे उतरू नका. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ चा होता, २०२५ च्या नोव्हेंबरात त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं त्या जुन्या कायद्यात लिहिलं होतं. तो कागद आमच्या धंद्यात कुणी उघडून बघितला असेल असं वाटत नाही. पण फोंड्यातल्या त्या पहाटे मी अठरा तास जागा होतो. ब्रेकवरचा पाय झोपेचाच होता.

धुकं, दरड, पाणी

गगनबावड्यात पावसाळ्यात धुकं असं उतरतं की स्वतःच्या बोनेटवरचा झेंडा दिसत नाही. लाईट खाली ठेवा. वर केला की उजेड धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत येतो. चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावून जायची नवीन फॅशन आलीय, ती बंद करा. मागच्याला कळत नाही की तुम्ही उभे आहात की चाललाय, आणि वळताय तर कुठं. ते उभ्या गाडीसाठी असतात. त्यापेक्षा निघताना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या ओल्या फडक्यानं पुसा. मागं तांबडी, बाजूला पिवळी, पुढं पांढरी. चिखलाखाली गेलेली पट्टी असून नसल्यासारखी. पावसाळ्याच्या चार महिन्यांत किन्नर ठेवा, हेही सांगतो. पगार वाचवायला हल्ली सगळे एकटे जातात. पण बंद वळणावर बॅटरी घेऊन पुढं चालणारा माणूस आरशात मिळत नाही.

साइडपट्टीवर चाक घालू नका. उन्हाळ्यात ती दगडासारखी असते, जुलैत तीच खिरीसारखी होते. दरीकडच्या अंगाला तर बिलकूल नाही, समोरचा कितीही हॉर्न मारो. डोंगराकडनं बारीक खडी रस्त्यावर सांडलेली दिसली, कालपर्यंत स्वच्छ येणारं ओहळाचं पाणी आज तांबडं झालं, किंवा डांबराला दरीकडं लांबट नवी भेग पडली, तर तिथं थांबून व्हिडिओ काढत बसायचं नाही. मागं यायची वाट असेल तर मागं या. जेवायला, झोपायला गाडी कापलेल्या कड्याखाली लावायची नाही. जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७ वर असतो, घाट चालू आहे का ते निघायच्या आधी विचारायला काही पैसे पडत नाहीत.

आणि पुष्कळदा घाट चालू असतो, पण तिथवर पोचताच येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी. पाऊस लागला की कोल्हापुरातलं पोरगंसुद्धा हे आकडे सकाळ-संध्याकाळ बघतं, ट्रकवाल्यानं तर बघायलाच पाहिजेत. गगनबावड्याचा रस्ता बालिंगा आणि मांडुकलीला पाण्याखाली जातो. रत्नागिरीचा केर्लीपाशी. रेडे डोह फुटला, म्हणजे तिथनं नदीचं पाणी बाहेर पसरलं, असं कानावर आलं की त्या बाजूचा विचार सोडा. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, ते पाणी खाली यायला काही तास लागतात. तेवढ्यात निघायचं की थांबायचं ते ठरवायचं.

शिरोलीत पुणे-बंगळूर हायवेच पाण्याखाली गेला, २०१९ ला आणि परत २०२१ ला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी किणीच्या अलीकडं पाच दिवस ओळीत उभा होतो. पुढं-मागं नजर पोचेल तिथवर ट्रक. आसपासच्या गावांतल्या बायका रोज दुपारी भाकरी-आमटी घेऊन यायच्या. एक केरळचा ड्रायव्हर तिखटानं रडत रडत खायचा आणि पुन्हा मागायचा. तेव्हापासून जुलै-ऑगस्टात केबिनमध्ये पाच किलो तांदूळ, डाळ आणि स्टोव्ह असतोच.

पाणी रस्त्यावर आलं असेल तर गाडी घालायची नाही. "माझी गाडी वजनदार आहे" हे म्हणणारे मला भेटलेत, मांडुकलीत क्रेनची वाट बघताना. वजनाचा प्रश्नच नाही. पाण्याखाली डांबर शिल्लक आहे की मोरी वाहून गेलीय, ते वरनं दिसत नाही.

परत चढताना

कोकणातनं रिकामं कुणी येत नाही. बहुतेकांना जांभ्याचा चिरा मिळतो. चिरा ओला असला की जड होतो, हे विसरून नग मोजून भरतात. पावसाळ्यात नगावर नाही, काट्यावर भरा. चढाला उष्णतेच्या काट्यावर नजर ठेवा, आणि पुढच्या गाडीच्या बुडाला चिकटू नका, तो मागं घसरला तर तुम्ही त्याचा ठोकळा होता. स्वतःचे लाकडी ठोकळे मात्र दोन ठेवा, हाताला येतील तिथं. रस्त्यावरचा दगड लावून निघताना तो तिथंच सोडणाऱ्याला मागनं येणारे मोटारसायकलवाले काय म्हणत असतील ते लिहीत नाही. वर आंब्यात पोचल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. तीन-चार मिनिटं तसंच फिरू द्या, टर्बो तापलेला असतो, त्याला ऑइल मिळू द्या.

आता शेवटचं, जे कुणी करत नाही. घाट उतरून साखरप्यात थांबलात की चहाच्या आधी प्रत्येक चाकाशी जा. ड्रमला हात लावायचा नाही, चटका बसेल. तळहात वीतभर लांब धरायचा. सगळीकडनं सारखी धग आली पाहिजे. एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा फार तापलेला असला तर तो ब्रेक सुटत नाहीये, घासतोय. एखादा गारच असला तर तो ब्रेक लागतच नाहीये, आणि त्याचं काम बाकीच्या चाकांनी केलंय.

परवा भाच्याचा साखरप्यातनं फोन आला. "मामा, डावीकडचं मागलं थंडगार हाय. बाकी सगळी भाजतायत."

"पार्टी कितीला बोलावतेय?"

"अकराला. पोचतोय की, घाट तर संपला."

"हातखंबा ऱ्हायलाय. तिथंच उभी कर, चाकाला ठोकळा लाव आणि मेकॅनिक बोलव. पार्टीला मी फोन करतो."